दारावरची थाप कोणत्या खात्याची?

पश्चिम पटेलनगरमधील एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त अवर सचिव एकटे राहतात. १९७६ मध्ये ते साताऱ्याहून दिल्लीत आले, छत्तीस वर्षे निरनिराळ्या मंत्रालयांत फायली हाताळल्या आणि निवृत्तीनंतर 'आता परत कुठे जायचे' म्हणून येथेच राहिले. पत्नीचे निधन होऊन पाच वर्षे झाली. मुलगी बंगळुरूला असते. निवृत्तिवेतन वेळेवर जमा होते, केंद्रीय आरोग्य योजनेचा दवाखाना जवळ आहे, घर स्वतःचे आहे. सरकारी तक्त्यातील 'गरजू' या रकान्यात त्यांची नोंद कधीही होणार नाही. करोलबागेत सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायात असलेली विटा-खानापूरकडची अनेक कुटुंबे आहेत. त्यांपैकी एका घरून त्यांना दुपारचा डबा येत असे. डबा आणणारा मुलगा भरलेला डबा हाती देई, आदल्या दिवशीचा रिकामा घेई, 'काका, भाजी तिखट नव्हती ना?' एवढे विचारी आणि जाई.

जानेवारीतल्या धुक्याच्या एका दुपारी दार उघडले नाही. मुलाने दोनदा घंटा वाजवली, मग दार ठोठावले, मग शेजारच्या घरी गेला. शेजारणीकडे किल्ली होती. काका न्हाणीघरात पडलेले सापडले. खुब्याचे हाड मोडले होते आणि आदल्या रात्रीपासून ते तसेच थंड फरशीवर पडून होते. ते वाचले.

शस्त्रक्रियेनंतर मुलीने काळजीपोटी डबा बंद केला आणि मोबाइलवरील ॲपमधून कमी मिठाचे, पथ्याचे जेवण लावून दिले. तिला ते बंगळुरूहून निवडता येते, किती वाजता पोचले हेही कळते. जेवणाची पिशवी दाराच्या कडीला अडकवली जाते आणि दोन्ही शहरांत एकाच वेळी संदेश वाजतो. या व्यवस्थेविषयी विचारले तेव्हा काका म्हणाले, 'जेवण बरे असते. पण रिकामा डबा न्यायला कोणी येत नाही.'

हे वाक्य एका म्हाताऱ्या माणसाची तक्रार म्हणून सोडून देण्यासारखे नाही. वृद्धांविषयीच्या आपल्या सार्वजनिक धोरणाची नेमकी उणीव त्यात आली आहे. गेल्या तीन दशकांत केंद्र सरकारने वृद्धांना धान्य दिले, तुटपुंजे का होईना पण निवृत्तिवेतन दिले, साहाय्यवाहिनी दिली, विमा दिला. शिजवलेले जेवण घेऊन रोज दारात उभा राहणारा माणूस मात्र दिला नाही. एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत अन्न आणि माणूस या दोन स्वतंत्र गरजा नाहीत, हे आपल्या धोरणकर्त्यांनी अद्याप मान्य केलेले नाही.

प्रश्नाचा आवाका आधी पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात साठ वर्षांवरील नागरिक सुमारे १० कोटी ३८ लाख होते. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने आणि मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये ही संख्या सुमारे १४ कोटी ९० लाखांवर गेली होती आणि २०५० पर्यंत ती ३४ कोटींच्या पुढे जाईल. २०१७-१८ मध्ये पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी झाली. तिचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. त्यानुसार साठीपुढच्या लोकांपैकी सुमारे सहा टक्के लोक एकटे राहतात. टक्केवारी लहान दिसते. पण १४ कोटी ९० लाखांचे सहा टक्के म्हणजे जवळजवळ ९० लाख माणसे. त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियांचे प्रमाण किती तरी अधिक आहे, कारण आपल्याकडे मागे राहते ती बहुधा विधवा.

हे ९० लाख लोक एकाच प्रकारचे नाहीत. पटेलनगरच्या काकांकडे पैसा आहे, माणूस नाही. मराठवाड्यातल्या एखाद्या वस्तीवरील विधवेकडे दोन्ही नाही. या दोघांच्या मधे कोकण आहे. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. मनीऑर्डरवर चालणारे जिल्हे म्हणून त्यांची जुनी ओळख. आता मनीऑर्डर पाठवणारेही मुंबईतच म्हातारे झाले आणि गावातल्या घरांतून एकेक दिवा उरला. हा मजकूर वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरचे असे एखादे दार डोळ्यांसमोर येईल.

आता सरकारच्या बाजूची नोंदवही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना सुरू झाली तेव्हा केंद्राचा वाटा दरमहा ७५ रुपये होता. २००६ मध्ये तो २०० रुपये झाला. ऐंशीच्या पुढील वृद्धांसाठी पुढे ५०० रुपये करण्यात आला. साठ ते एकोणऐंशी वयोगटासाठी मात्र २०० रुपयांवरच थांबला. संसदेच्या ग्रामविकास विषयक स्थायी समितीने ही रक्कम वाढवावी असे किती वेळा सुचवले, हे मोजण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखकाने एकदा केला आणि सोडून दिला. २००० मध्ये आलेल्या अन्नपूर्णा योजनेत, निवृत्तिवेतनास पात्र असूनही ते न मिळणाऱ्या निराधार वृद्धांना दरमहा १० किलो धान्य विनामूल्य देण्याची तरतूद झाली. योजनेचे नाव अन्नपूर्णा. प्रत्यक्षात दिला तो कोरडा शिधा. दहा किलो धान्य दुकानातून उचलून आणायचे, निवडायचे, गिरणीत न्यायचे, कणीक मळायची, चूल किंवा शेगडी पेटवायची आणि हे सारे पंचाहत्तरीच्या, हात थरथरणाऱ्या माणसाने करायचे, असे गृहीत धरून ती योजना आखली गेली. घरात रांधणारी कोणी तरी असणारच, हे गृहीतक आपल्या अन्नविषयक धोरणात इतके खोल रुजले आहे की ते कोणाला गृहीतक वाटतच नाही.

अपवाद एकच आणि तोही कायद्याच्या मसुद्यातला. २२ डिसेंबर २०११ रोजी लोकसभेत मांडल्या गेलेल्या अन्नसुरक्षा विधेयकात निराधारांना दिवसातून किमान एक जेवण विनामूल्य आणि बेघरांना सामुदायिक स्वयंपाकघरातून परवडणाऱ्या दरात जेवण, अशा तरतुदी होत्या. विधेयक विलास मुत्तेमवार यांच्या अध्यक्षतेखालील स्थायी समितीकडे गेले. समितीचा अहवाल जानेवारी २०१३ मध्ये आला. जुलैत अध्यादेश निघाला. २६ ऑगस्टला लोकसभेने आणि २ सप्टेंबरला राज्यसभेने विधेयक मंजूर केले. या प्रवासात त्या तरतुदी गळाल्या. गर्भवती आणि स्तनदा माता तसेच बालके यांचा शिजवलेल्या अन्नावरील हक्क कायद्यात राहिला. निराधारांचा राहिला नाही. वृद्धांचा उल्लेख कायद्याच्या शेवटी, तिसऱ्या अनुसूचीत सापडतो: अन्नसुरक्षेला पूरक म्हणून हळूहळू साध्य करावयाच्या उद्दिष्टांत 'पुरेसे निवृत्तिवेतन' हे एक. पुरेसे म्हणजे किती, याचे उत्तर वर आले आहे.

त्या दिवसांत सभागृहात रात्री उशिरापर्यंत चर्चा झाली. किती किलो, किती रुपये, किती टक्के लोकसंख्या, राज्यांवर किती बोजा यांवर घमासान झाले आणि ते होणे योग्यच होते. एवढ्या मोठ्या हिशेबात गळालेल्या तरतुदींकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. प्रत्यक्ष कामकाज पाहणाऱ्यांनाही त्यांचे महत्त्व तेव्हा जाणवले नव्हते, हे मान्य केले पाहिजे. प्रस्तुत लेखकही त्यांतलाच.

त्याआधी सहा वर्षे, २००७ मध्ये, आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा झाला होता. त्याची ख्याती 'मुलांना कोर्टात खेचण्याचा कायदा' अशी झाली. पण त्याच्या व्याख्यांमध्ये एक वाक्य आहे, ज्याच्याकडे क्वचितच लक्ष जाते. 'कल्याण' म्हणजे ज्येष्ठ नागरिकांसाठी अन्न, आरोग्यसेवा, विरंगुळा केंद्रे आणि अन्य आवश्यक सोयींची तरतूद, असे ते सांगते. या यादीत अन्न पहिले आहे. तरीही पुढच्या कलमांत ते कोण देणार, कसे देणार, कोठे देणार याचा पत्ता नाही. निर्वाह रक्कम आहे, न्यायाधिकरण आहे, प्रत्येक जिल्ह्यात दीडशे निराधारांची सोय असलेले वृद्धाश्रम उभारण्याची भाषा आहे. स्वतःच्या घरी राहणाऱ्या वृद्धाच्या ताटाविषयी काही नाही. डिसेंबर २०१९ मध्ये मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात घरपोच शुश्रूषा सेवांचा विचार झाला होता. त्यावर स्थायी समितीने अहवालही दिला. पण सतराव्या लोकसभेबरोबर २०२४ मध्ये ते विधेयक व्यपगत झाले.

या कायद्याखाली अनेक राज्यांनी केलेल्या नियमांत मात्र एक उल्लेखनीय गोष्ट आहे. प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतील, विशेषतः एकट्या राहणाऱ्या, ज्येष्ठांची अद्ययावत यादी ठेवावी आणि पोलिसाने शक्यतो समाजसेवक किंवा स्वयंसेवकासह महिन्यातून किमान एकदा त्यांच्या घरी जावे, असे ते नियम सांगतात. दिल्ली पोलिसांचा ज्येष्ठ नागरिक सुरक्षा कक्ष तर २००४ पासून आहे. म्हणजे एकट्या वृद्धाच्या दारावर शासनाने थाप द्यावी, हे तत्त्व आपण स्वीकारले आहे. फक्त ती थाप खाकी वर्दीतली आहे आणि खून-दरोड्याच्या भीतीतून आली आहे. वृद्धाला चोरापासून वाचवणे हे शासनाचे काम आणि उपासापासून व एकांतापासून वाचवणे हे मुलांचे, अशी ही अलिखित वाटणी आहे.

न्यायालयाकडून काही होईल ही आशाही मावळली. देशभर सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू करावीत या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये केंद्राला नमुना योजना आखण्यास सांगितले होते. २२ फेब्रुवारी २०२४ च्या निकालात मात्र, अन्नसुरक्षा कायदा अस्तित्वात आहे, अन्य पर्याय राज्यांनी शोधावेत, असे म्हणून आदेश देण्यास नकार दिला. राज्यांनी काही पर्याय शोधलेही आहेत: तामिळनाडूची अम्मा उणवगम २०१३ मध्ये, कर्नाटकाची इंदिरा कँटीन २०१७ मध्ये, महाराष्ट्राची शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झाली. या सगळ्या योजना चालत येऊन रांगेत उभे राहू शकणाऱ्यांसाठी आखलेल्या. जिना उतरता न येणाऱ्या माणसाला दहा रुपयांची थाळी आणि दोनशे रुपयांची थाळी सारखीच दूर असते.

वृद्धांना शिजवलेले अन्न देण्याचा अनुभव या देशाला नाही असे मात्र नाही. एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये मुलांसाठी माध्यान्ह भोजन सुरू केले आणि १९८३ मध्ये त्याच स्वयंपाकघरांतून वृद्धापकाळ निवृत्तिवेतनधारकांनाही जेवण देण्यास आरंभ केला. शाळेच्या पोरांच्या पंगतीशेजारी म्हातारी माणसे जेवू लागली. ओडिशाच्या कालाहंडी-बोलांगीर-कोरापुट पट्ट्यात या शतकाच्या आरंभापासून निराधार, अपंग आणि वृद्धांसाठी शिजवलेल्या अन्नाचा कार्यक्रम राबवला गेला. केरळात मार्च २०२० च्या टाळेबंदीत स्थानिक स्वराज्य संस्था आणि 'कुटुंबश्री'च्या महिलांनी काही आठवड्यांत हजाराहून अधिक सामुदायिक स्वयंपाकघरे उभी केली आणि बाहेर पडू न शकणाऱ्यांच्या दारात पुडकी पोचवली. हे त्यांना जमले, कारण प्रभागातील कोणत्या घरात कोण एकटे आहे हे तेथे आधीच ठाऊक होते. वेदनाशामक शुश्रूषेसाठी मलप्पुरमपासून सुरू झालेल्या शेजार-गटांनी दोन दशके ती माहिती गोळा केली होती. केरळच्या विधानसभेने २०२५ मध्ये देशातला पहिला राज्य वृद्धजन आयोग कायद्याने स्थापन करण्याचा निर्णय घेतला, तोही अचानक नव्हे.

गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यातल्या चांदणकी गावाची गोष्ट वेगळी आहे. तरुण माणसे अहमदाबादला आणि अमेरिकेला गेली. मागे राहिलेल्या वृद्धांसाठी गावाने एकच स्वयंपाकघर चालवले आणि सारे वृद्ध एका ठिकाणी बसून जेवू लागले. तेथे डबा लागत नाही, पाय चालतात तोवर. मुंबईजवळ भाईंदरला 'श्रावण टिफिन सेवा' एकाकी वृद्धांच्या घरी मोफत डबे पोचवत आली आहे. अशा आणखीही सेवा गावोगावी असतील. त्या बहुधा एखाद्या माणसाच्या तळमळीवर उभ्या राहतात आणि त्या माणसाबरोबरच थकतात.

परदेशांचे दाखले आपल्याकडे एक तर डोळे झाकून दिले जातात, नाही तर 'तिकडची कुटुंबव्यवस्था निराळी' म्हणून झटकले जातात. तरीही अमेरिकेच्या एका कायद्याचा मजकूर पाहण्यासारखा आहे. १९६५ च्या वृद्धविषयक कायद्यात १९७२ मध्ये पोषण कार्यक्रम आला, १९७८ मध्ये घरपोच जेवणाची स्वतंत्र तरतूद झाली. त्या कार्यक्रमाच्या उद्दिष्टांत भूक आणि कुपोषण कमी करणे हे पहिले. त्यानंतर लगेच, वृद्धांचे लोकांत मिसळणे वाढवणे हे दुसरे. उत्पन्नाची अट नाही. ज्याला जमेल त्याने स्वेच्छेने वर्गणी द्यावी. ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ ठिकाणच्या सहाशेहून अधिक वृद्धांचे तीन गट केले. एकाला रोज ताजे जेवण माणसाने आणून दिले, दुसऱ्याला आठवड्याचे गोठवलेले जेवण एकदम दिले, तिसरा प्रतीक्षायादीवर राहिला. या जेवणामुळे एकटेपणा कमी झाला, असे सांगणाऱ्यांचे प्रमाण आठवड्याचे जेवण एकदम मिळणाऱ्यांपेक्षा रोज ताजे मिळणाऱ्यांमध्ये अधिक होते. जेवण दोघांनाही मिळत होते. फरक होता तो घंटा किती वेळा वाजते याचा. जपानात १९७२ मध्ये फुकुशिमा प्रांतातल्या कोरियामा शहरात याकुल्ट विकणाऱ्या एका स्त्रीने, आपल्या भागातील एका वृद्धाचा एकाकी मृत्यू पाहून, एकट्या राहणाऱ्यांना स्वखर्चाने बाटली देण्यास आणि त्या निमित्ताने विचारपूस करण्यास सुरुवात केली. पुढे कंपनीने आणि स्थानिक प्रशासनांनी तो उपक्रम उचलला. उलट दाखलाही आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ज्या ब्रिटनमध्ये महिला स्वयंसेवकांनी घरपोच जेवणाची कल्पना रुजवली, तेथेच २०१० नंतरच्या काटकसरीत अनेक स्थानिक परिषदांनी ती सेवा बंद केली. त्याच ब्रिटनला २०१८ मध्ये एकटेपणासाठी स्वतंत्र मंत्री नेमावा लागला.

आपल्याकडे तर होत्या त्या थापाही आपण एकेक करून बंद केल्या. वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन अनेक राज्यांत पोस्टमन मनीऑर्डरने घरी आणून देत असे. त्यात गळती होती, 'चहापाणी' होते, हे नाकारता येणार नाही. २०१३ नंतर थेट खात्यात पैसे जमा होऊ लागले. गळती थांबली आणि महिन्यातून एकदा 'आजी, अंगठा लावा' म्हणत ओट्यावर टेकणारा माणूसही थांबला. निवृत्त सरकारी कर्मचारी दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत जात, जुन्या सहकाऱ्यांना भेटत, कोण गेले आणि कोण राहिले याची उजळणी करीत. २०१४ मध्ये डिजिटल दाखला आला, २०२१ मध्ये मोबाइलपुढे चेहरा धरून तो काढता येऊ लागला. पायपीट वाचली, यात शंका नाही. पण माणूस जिवंत आहे याचा दाखला आता दुसऱ्या कोणत्याही माणसाने त्याला न पाहता मिळतो. नोव्हेंबर २०२० पासून पोस्टमन घरी येऊन हा दाखला काढून देतो, ही सोय त्यातल्या त्यात दिलासा देणारी. तीही वर्षातून एकदा.

या सूचनेवर तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला संस्कृतीचा: आपल्याकडे कुटुंब आहे, हे पाश्चात्त्यांचे खूळ आपल्याला नको. सेंट्रल हॉलमध्ये पक्षभेद विसरून सर्वांनी हे सांगितलेले ऐकले आहे. ज्या कुटुंबाचा दाखला दिला जातो, ते म्हणजे मुख्यतः घरातल्या सुनांचे बिनमोल श्रम होते. त्या सुना आता नोकरीला जातात किंवा नवऱ्याबरोबर पुण्या-बंगळुरूला राहतात, आणि त्यात गैर काही नाही. दुसरा आक्षेप पैशाचा. हिशेब करून पाहू. एका जेवणाचा पोचवण्यासह खर्च ५० रुपये धरला, सर्वांत गरजू अशा १० लाख वृद्धांना वर्षातून ३०० दिवस ते दिले, तर १,५०० कोटी रुपये होतात. २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात सामाजिक साहाय्याच्या संपूर्ण कार्यक्रमासाठी ९,६५२ कोटींची तरतूद होती आणि अन्न अनुदान दोन लाख कोटींहून अधिक होते. म्हणजे पैशाचा प्रश्न आहे, पण तो मार्ग अडवणारा नाही.

तिसरा आक्षेप क्वचित उघडपणे मांडला जातो, म्हणून येथे मांडतो. कोणी शिजवले आणि कोणी आणले, हे आपल्याकडची म्हातारी माणसे विचारतात. शाळांच्या माध्यान्ह भोजनात दलित स्वयंपाकिणींवरून झालेले तंटे ठाऊक आहेत. ऐंशी वर्षांचे संस्कार घेऊन बसलेल्या माणसाच्या बाबतीत ते अधिक कडवे होऊ शकतात. यावर तडजोड करता येणार नाही. सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या स्वयंपाकघराने वृद्धाचे पथ्य सांभाळावे, सोवळे नव्हे.

खरा अडथळा चौथाच आहे आणि तो या वाचकवर्गाला अधिक परिचित आहे. वृद्धांचे कल्याण सामाजिक न्याय मंत्रालयाकडे, त्यांचे निवृत्तिवेतन ग्रामविकासाकडे, धान्य अन्न मंत्रालयाकडे, औषध आरोग्याकडे, अंगणवाडीचे स्वयंपाकघर महिला व बालविकासाकडे, पोस्टमन दळणवळणाकडे, पोलीस राज्याच्या गृहखात्याकडे आणि निवृत्त सरकारी नोकर कार्मिक मंत्रालयाकडे. लोकसभेत ज्येष्ठ नागरिकांविषयी प्रश्न आला की उत्तरासोबत योजनांची जोडपत्रे येतात आणि प्रत्येक योजना आपल्या कप्प्यात बरोबर असते. पुरवणी प्रश्नांची गाडी मग मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या रेल्वे सवलतीवर जाऊन थांबते. सवलत महत्त्वाची आहेच. पण जिन्याखाली उतरू न शकणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

यातून मार्ग नवीन मंत्रालय काढून निघणार नाही. २००७ च्या कायद्यात 'अन्न' हा शब्द आहेच. दुरुस्ती विधेयक पुन्हा आणायचे असेल तर त्यात एकट्या राहणाऱ्या, स्वतः रांधू न शकणाऱ्या ज्येष्ठास दिवसातून एक शिजवलेले जेवण घरपोच देण्याची जबाबदारी ग्रामपंचायत आणि नगरपालिकेवर टाकणारे एक कलम घालावे, खर्चाचा वाटा केंद्राने उचलावा. नावांची यादी आधीच पोलीस ठाण्यांत असावयास हवी, तसा नियमच आहे. स्वयंपाक महिला बचत गटांकडे द्यावा आणि त्याचा मोबदला नीट द्यावा. अंगणवाडी सेविकांच्या खांद्यावर हेही ओझे ढकलण्याचा मोह सोडावा. त्यांच्या तुटपुंज्या मानधनात आपण आधीच फार कामे करून घेतो. या कामाची परंपरा आपल्याला परकी नाही. गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा डबा हा गाव सोडून शहरात आलेल्या तरुणाचा आधार होता. आता तरुण निघून गेल्यावर मागे राहिलेल्याला तो हवा आहे.

ज्यांना परवडते त्यांनी पैसे द्यावेत. पटेलनगरचे काका फुकटचे घेणार नाहीत, घेऊही नयेत. पण त्यांच्याही दारात येणाऱ्या माणसाला, दार उघडले नाही तर कोणाला कळवायचे हे माहीत असले पाहिजे. आज ते केवळ योगायोगावर अवलंबून आहे. आणि योजनेचे मोजमाप करताना किती टन अन्न शिजले एवढेच विचारू नये. किती दारे उघडली, किती डब्यांत अन्न तसेच परत आले, ते का आले आणि मग पुढे काय केले, हे विचारावे. उरलेल्या भाजीवरून डबेवाल्याला जे कळते, ते कोणत्याही संगणकाच्या पडद्यावर दिसत नाही.

काकांनी यावर एक टिपण लिहिले होते. क्रमांक दिलेले सहा परिच्छेद, समासात संदर्भ, शेवटी 'विचारार्थ सादर'. ते त्यांनी एका मंत्रालयाला पाठवले. पाच आठवड्यांनी उत्तर आले: भारत सरकारच्या कार्यविभाजन नियम, १९६१ नुसार सदर विषय या मंत्रालयाच्या कार्यकक्षेत येत नसल्याने आपले निवेदन पुढील उचित कार्यवाहीसाठी अमुक मंत्रालयाकडे वर्ग करण्यात आले आहे. त्या मंत्रालयाकडूनही तशाच आशयाचे पत्र आले. दोन्ही पत्रे त्यांनी प्रस्तुत लेखकाला वाचून दाखवली. 'मसुदा निर्दोष आहे,' ते म्हणाले. 'मीही हेच लिहिले असते.'

तेवढ्यात घंटा वाजली. ॲपचे जेवण त्यांनी दोन महिन्यांपूर्वी बंद केले आहे. मुलीशी त्यावरून थोडा वाद झाला. वॉकर पुढे सरकवत त्यांनी ओट्यावरचा रिकामा डबा उचलला आणि दाराकडे निघाले. चांगलाच वेळ लागला. दुसऱ्यांदा घंटा वाजली नाही. किती वेळ लागतो, ते त्या मुलाला माहीत आहे.